मुलीचं गाव सापडत नाही

फोनवर तीन प्रश्न विचारून झाले की मीटरकाकांची शिदोरी संपायची. जेवलीस का, झोप झाली का, काम ठीक चाललंय ना. तिन्ही प्रश्नांना पलीकडून "हो बाबा" यायचं. मग बाप इकडे आणि लेक तिकडे, दोघंही फोन कानाला धरून एकमेकांचा श्वास ऐकत बसायचे. "बरं मग" आधी कोण म्हणतं एवढंच बघायचं उरायचं. बहुतेक वेळा काकाच म्हणायचे, कारण माणसाने आपण होऊन उठावं, कोणी उठवायची वाट बघू नये, असं त्यांचं तत्त्व होतं. फोन ठेवला की मात्र ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायचे, जणू फोनच काहीतरी सांगायचं विसरला होता.

मीटरकाका जन्मभर पाणीखात्यात मीटर वाचायच्या कामाला होते. नोकरी संपली, तरी इमारतीतल्या लोकांनी नाव काही परत घेतलं नाही. त्यांची एकुलती एक मुलगी, घरातली ठकू, दूरच्या एका थंड गावात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. तिच्याशी बोलायला काकांना चौथा प्रश्न हवा होता. बायकोशी बोलून, भिंतीकडे बघून आणि दाढी करताना अशा सर्व मार्गांनी विचार करून त्यांनी तो शोधून काढला. चौथा प्रश्न होता हवा.

पण नुसतं "तिकडे हवा कशी आहे" असं विचारलं तर "ठीक आहे बाबा" येणार, हे अनुभवी माणसाला सांगावं लागत नाही. आपल्याला आधीच माहीत असलं पाहिजे. "आज तुझ्याकडे धुकं आहे ना?" असा प्रश्न आला की समोरच्याला दोन शब्द जास्त बोलावेच लागतात. तेव्हा काकांनी ठरवलं की आपण एक प्रोग्रॅम लिहायचा, आणि त्याने रोज सकाळी चहाच्या आधी ठकूच्या गावची हवा पडद्यावर दाखवायची. वाचनालयात ज्येष्ठांसाठी संगणकाचा वर्ग चालायचा. तिथे त्यांनी इतपत शिकून घेतलं होतं, आणि उरलेलं शिकवणाऱ्याच्या मागे लागून उकळलं होतं.

"मोबाईलवर दिसतं की ते," काकू म्हणाल्या.

काकांना हे लागलं. मोबाईलवर सगळ्या जगाला दिसतं, त्यात बापाचं काय राहिलं, असं त्यांचं म्हणणं. खरं कारण त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे अडणार, अडलं म्हणजे विचारावं लागणार, आणि त्या घरात संगणकातलं विचारण्यासारखं माणूस एकच होतं. तेच तर घरात नव्हतं.

पहिली अडचण हवामान खात्याची. खातं माहिती फुकट देतं, पण मागणाऱ्याला एक किल्ली लागते, म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ. ती मिळवायला अर्ज करावा लागतो. अर्जात "माहितीचा उद्देश" असा रकाना होता. काकांनी त्यात "मुलगी" असं लिहिलं. अर्ज परत आला, उद्देश स्पष्ट करावा. काकांनी "कौटुंबिक जिव्हाळा" लिहिलं. तोही परत आला, उद्देश यादीतल्यांपैकी निवडावा. यादीत शेती, विमान वाहतूक, मासेमारी आणि इतर संशोधन एवढंच होतं. काकांनी जन्मभर सरकारी कागद हाताळले होते, तेव्हा न डगमगता त्यांनी "इतर संशोधन" निवडलं आणि खाली लिहिलं, "दूरस्थ अपत्याच्या परिसरातील वातावरणाचा दैनंदिन अभ्यास." दुसऱ्या दिवशी किल्ली आली.

प्रोग्रॅम चालला, पडद्यावर "ठकूकडची हवा" असा मथळा आला आणि त्याखाली तापमान. काकांनी अख्ख्या प्रोग्रॅमची छापील प्रत काढली. इथवर सगळं ठीक होतं. पण इमारतीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले, आणि सेक्रेटरी भेटले की ठीक चाललेली गोष्ट सार्वजनिक होते. "आपल्या इमारतीतल्या ज्येष्ठाचा उपक्रम" म्हणून त्यांनी ती प्रत सूचनाफलकावर लावली, लिफ्टच्या दुरुस्तीची नोटीस आणि हरवलेल्या छत्रीची सूचना यांच्या मधोमध. वर फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला ते देव जाणे. किल्ली त्या कागदावर ठळक अक्षरांत होती, कारण काकांना तिचाच जास्त अभिमान होता, आणि बघेल त्याला ती वापरता येत होती.

आठवडा संपायच्या आत खात्याकडून कडक शब्दांत पत्र आलं. आपल्या किल्लीने एका दिवसात हजारो वेळा हवामान विचारलं गेलं आहे, हे योग्य नाही, सबब किल्ली रद्द करण्यात येत आहे. काकूंनी पत्र चष्मा लावून वाचलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"मलाही काळजी आहे तिची," त्या म्हणाल्या, "पण इतक्या वेळा विचारायचं म्हणजे..."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. काकांनी सूचनाफलकावरचा कागद काढून घेतला आणि मुकाट्याने मुलीला फोन लावला. आणि काय आश्चर्य, त्या दिवशी तीन प्रश्न विचारायची वेळच आली नाही. ठकू आधी पोट धरून हसली, मग गंभीर झाली आणि मग शिकवायला लागली. ती इतकं बोलली, इतकं बोलली, की काकूंनी गॅस बारीक केला आणि स्वयंपाकघरातून येऊन शेजारी बसल्या. त्यांना कळत काही नव्हतं, पण आवाज ऐकत बसल्या.

ठकूचं सांगणं असं की किल्ली प्रोग्रॅमच्या आत लिहायचीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रोग्रॅम चार लोकांनी बघितला तरी हरकत नसावी, असा तो लिहावा. किल्ली बाहेर ठेवायची, संगणकाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये. म्हणजे घरात कसं, साखर कुठे आहे हे पाककृतीत लिहिलेलं नसतं, ते घराला माहीत असतं. प्रोग्रॅमने सुरू होताना घराला विचारायचं, बाबा रे, किल्ली आहे का? बदलणाऱ्या गोष्टी सगळ्या अशाच बाहेर ठेवायच्या. ती म्हणाली, गावाचं नावसुद्धा बाहेर ठेवा, उद्या मी गाव बदललं तर?

"तू गाव बदलणार आहेस?" काकांनी विचारलं.

"नाही हो बाबा, उदाहरण देतेय."

काकांनी हुश्श केलं. ठकू पुढे म्हणाली की विचारलं तरी वस्तू तिथे असेलच असं नाही. कोणी ठेवायलाच विसरलेलं असतं, कधी नुसतीच रिकामी ठेवलेली असते. म्हणून आधी तपासायचं. आणि नसेल तर प्रोग्रॅमने तिथेच थांबून काय नाही ते साफ सांगायचं. किल्ली मात्र त्या संदेशातसुद्धा छापायची नाही. "आणि बाबा, एक लक्षात ठेवा. नसेल तर नाही म्हणू दे त्याला. अंदाज करू देऊ नका. मूग गिळून चालत राहणारा प्रोग्रॅम सगळ्यात वाईट."

काकांनी "अगदी, अगदी" म्हटलं. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की "बरं मग" आज तिने म्हटलं होतं, तेही कोणीतरी तिला कामाला हाक मारली म्हणून.

नवी किल्ली आली. ठकूने सांगितल्याप्रमाणे ती वेगळ्या फायलीत ठेवली गेली, संगणक सुरू झाला की आपोआप वाचली जाईल अशी. त्या फायलीला काकांनी इतकं जपलं की काकूंना त्या खोलीत केर काढायची चोरी झाली. गावाचं नाव मात्र काकांनी संगणकाला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत नुसतंच टंकून दिलं. किल्लीचं इतकं कौतुक झालं होतं की गाव कुठे ठेवायचं हे विचारायचं राहून गेलं. आणि अशा खिडकीत टंकलेलं संगणक बंद होईपर्यंतच टिकतं, ही गोष्ट ठकूला इतकी साधी वाटत होती की तिनेही सांगितली नाही. मोठ्या अपघातांची सुरुवात अशीच होते, चोराच्या भीतीने तिजोरीला कुलूप लावायचं आणि दार उघडं टाकायचं.

पण पुढचे दिवस सुखाचे गेले. पडदा म्हणायचा, ठकूकडे सहा अंश, धुकं, वारा उत्तरेचा. काका फोनवर म्हणायचे, "धुकं आहे ना आज?" आणि ठकू म्हणायची, "हो बाबा, समोरचा पूलच दिसत नाहीये. बस हळूहळू येतेय." पूल! बस! काकांना वर्षभरात पहिल्यांदा कळलं की मुलीच्या खिडकीसमोर पूल आहे. फोन ठेवून ते काकूंना सांगायचे आणि काकू पुन्हा विचारायच्या, पूल केवढा आहे, मोठा का? सहा अंशांचं ऐकून त्यांनी जाड लोकर आणली आणि स्वेटर विणायला घेतला. माप आठवणीनेच घेतलं, आणि आठवणीतली मुलगी थोडी बारीक होती, म्हणून दोन टाके वाढवले.

सुख दाखवावंसं वाटतं. काकांनी एका सकाळी सेक्रेटरींना आणि खालच्या मजल्यावरच्या भूगोलमास्तरांना चहाला बोलावलं. भूगोलमास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण भूगोल त्यांच्यातून झाला नव्हता. आदल्या दुपारी वीज गेली होती आणि तासाभराने आली होती, ही गोष्ट त्या गडबडीत कोणाच्या ध्यानात राहिली नाही. काकांनी घसा साफ केला, दोन शब्द बोलले आणि कळ दाबली. पडद्यावर, खुद्द काकांनीच मोठ्या हौसेने मराठीत लिहिलेला संदेश उमटला:

"मुलीचं गाव सापडत नाही. थांबत आहे."

सेक्रेटरींनी कप खाली ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, "पोलिसांत कळवलंत का?"

आता हा प्रोग्रॅम शहाण्यासारखा वागला होता. जे नव्हतं ते नाही म्हणाला होता, आणि कारणही सांगून मोकळा झाला होता. ठकू समोर असती तर तिने त्याला शाबासकी दिली असती. पण सुज्ञपणाला चहाच्या वेळी किंमत नसते. भूगोलमास्तर म्हणाले, गाव असं सहसा हरवत नाही, नदीने पात्र बदललं असेल तर गोष्ट वेगळी. दोन दिवसांत ही गोष्ट इमारतभर झाली. दूधवाल्याने दाराशी हळू आवाजात विचारलं की ताईंचा काही पत्ता लागला का. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जन्मात कधी ते "सापडलं नाही" म्हणून परत आले नव्हते.

आणि इथे मीटर वाचणाऱ्याचं रक्त उसळलं. त्यांच्या कामात एक जुनी रीत होती. मीटर घराच्या आत, आणि घराला कुलूप. मग काय करायचं? परत फिरायचं नाही, रकाना मोकळा सोडायचा नाही. सरासरी लिहायची. गेल्या खेपेला जेवढं पाणी वापरलं, त्याच बेताचा आकडा टाकायचा आणि पुढच्या दाराकडे जायचं. काकांनी उभ्या नोकरीत एकही रकाना मोकळा सोडला नव्हता, आणि निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्याचा खास उल्लेख केला होता. सेक्रेटरींनीही सल्ला दिला की लिफ्टला जनरेटर असतो तसं काहीतरी मागे ठेवा. तेव्हा काकांनी गाव पुन्हा टंकून दिलंच, शिवाय प्रोग्रॅममध्ये एक नवी ओळ घातली: मुलीचं गाव मिळालं नाही तर हे गाव धरावं. आणि "हे गाव" म्हणून कोणतं लिहावं? काकांना ज्याच्या अस्तित्वाची शपथ घेता येईल असं गाव एकच होतं. त्यांनी आपलं लिहिलं.

चार दिवस पडदा थंडी दाखवत राहिला. मग एका दुपारी पुन्हा वीज गेली. संगणक बंद पडला, काळ्या खिडकीतलं गाव पुसलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रॅमने घराला विचारलं, मुलीचं गाव आहे का? घर गप्प. तेव्हा त्याने निमूटपणे सरासरी लिहिली. मथळा तोच, "ठकूकडची हवा." खाली अठरा अंश, आकाश निरभ्र.

"अहो," काकू म्हणाल्या, "थंडी गेली की तिची."

एका रात्रीत इतकी उडी कोणालाही खटकली असती. पण मुलगी कुडकुडते आहे, यावर विश्वास ठेवायला जितकं जड जातं, तितकंच ती कुडकुडत नाही यावर ठेवायला हलकं जातं. शिवाय भूगोलमास्तरांनी खुलासा केला. समुद्राचा उष्ण प्रवाह वळला की असं होतं, तिकडे वसंत एकदम येतो. काकूंनी स्वेटर काखेपर्यंत विणला होता. दोन दिवस वाट पाहून त्यांनी तो उसवला आणि लोकरीचा गुंडा करून कपाटात टाकला. उसवताना त्यांना हलकंच वाटलं.

आणि मग रोजचे फोन चालू झाले, ज्यांना आता उंटावरून शेळ्या हाकणे एवढाच शब्द लावता येईल. "ठकू, आज तिकडे ऊन कडक होणार. टोपी घाल."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग "हो बाबा."

"सुती कपडे घाल."

"हो बाबा. आणि संध्याकाळी काय आहे?"

ती विचारायला लागली! काकांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. संध्याकाळी वारा सुटेल का, ढग कोणत्या बाजूने येतील, रात्री उकडेल का. पूर्वी "बरं मग" कधी येतं याची वाट बघणारी मुलगी आता सोडवत नव्हती. काकांनी निष्कर्ष काढला की हे चांगल्या प्रोग्रॅमचं फळ आहे. ते आता पडद्यावरचं बारीकसारीकही वाचून दाखवायला लागले. एकदा म्हणाले, दुपारी पाऊस दिसतोय, दोरीवर कपडे असतील तर आत घे हो. ठकू जरा वेळाने "घेते" म्हणाली. त्या दुपारी इथेही पाऊस आला आणि काकू गच्चीवर धावल्या. खाली आल्यावर त्या म्हणाल्या, बघा, तिच्याकडेही आणि आपल्याकडेही, एकाच वेळी.

असं वारंवार घडत होतं. दोन्हीकडे ऊन, दोन्हीकडे ढग. बोलाफुलाला गाठ पडावी तशी दोन गावांची गाठ पडली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसे काका रोज सकाळी सरकारी किल्ली वापरून, हजारो मैलांवरच्या गावाच्या नावाने खात्याला, आपल्याच खिडकीबाहेर काय चाललंय ते विचारत होते आणि खिडकीकडे पाठ करून ते वाचत होते. पण त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. काकू संध्याकाळी गच्चीत उभ्या राहायच्या, आभाळाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, म्हणजे तसं फार लांब नाहीच म्हणायचं. जिला असं वाटतंय तिच्यापुढे नकाशा आणून ठेवायची छाती कोणाची आहे? भूगोलमास्तरांचीही झाली नाही. त्यांनी उलट अक्षांशांबद्दल काहीतरी पोषक सांगितलं.

दीडेक महिना असा गेला. मग एका सकाळी तेच भूगोलमास्तर वर्तमानपत्र घेऊन जिना चढून आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सिद्धान्त बुडाल्याचं दुःख होतं. पहिल्या पानावर ठकूच्या गावचा फोटो होता. अवेळी झालेली बर्फवृष्टी, रस्ते बंद, एक बस बर्फात कमरेपर्यंत रुतलेली. मागे एक पूल होता, बराच मोठा.

पडद्यावर ठकूकडे एकतीस अंश होते.

काकांनी आधी वर्तमानपत्र खोटं ठरवलं. मग जुना फोटो छापला असेल म्हणाले. मग हवामान खात्याला खरमरीत तक्रार लिहिली की, आपल्याकडून गेला दीड महिना पुरवल्या जाणाऱ्या माहितीत गंभीर स्वरूपाची तफावत आढळून आली आहे, तरी संबंधितांवर योग्य ती कारवाई व्हावी. उत्तर तातडीने आलं, तक्रार योग्य विभागाकडे पाठवली आहे. काकांना हे वाक्य ओळखीचं होतं. हे वाक्य त्यांनी स्वतः पुष्कळ लोकांना सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ त्यांना पक्का माहीत होता.

तेव्हा त्यांनी तेच केलं जे मोठं बिल आल्याची तक्रार घेऊन कोणी आलं की ते करायचे. कागद बाजूला ठेवून मीटर बघायला गेले. प्रोग्रॅम उघडला, एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सरासरीच्या ओळीशी बोट थांबलं. त्यांनी ती ओळ पुसली आणि कळ दाबली.

"मुलीचं गाव सापडत नाही. थांबत आहे."

काका खुर्चीत मागे टेकले. या वेळी समोर कोणी चहा घेत नव्हतं, कोणी हसत नव्हतं, आणि म्हणूनच ते वाक्य पहिल्यांदा त्यांना नीट वाचता आलं. दीड महिना घराला कुलूप होतं आणि ते अंदाजाने आकडा टाकून पुढे जात होते. तिला बर्फात सुती कपडे घालायला सांगत होते. त्यांना मुलीची इतकी आठवण आली की उठून पाणी प्यावं लागलं.

काकूंना सांगितल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, म्हणजे थंडी होती? काकांनी मान हलवली. काकू उठल्या, कपाटातून लोकरीचा गुंडा काढला आणि तो हातात घेऊनच फोनजवळ येऊन बसल्या. फोन त्यांनीच लावला, आणि तीन प्रश्नांपैकी एकही न विचारता सुरुवात केली.

"तुला थंडी वाजत होती आणि तू गप्प बसलीस?"

ठकू म्हणाली, "कळलं वाटतं."

"मी स्वेटर उसवला इथे."

"आई, इथे स्वेटर मिळतात गं."

"मिळतात ते माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. त्यांनी फोन नवऱ्याकडे दिला.

काकांनी खात्याच्या भाषेत सुरुवात केली, कारण दुसरी कुठली भाषा त्या वेळी तोंडात येत नव्हती. चूक निदर्शनास आली आहे, असं ते म्हणाले. तू सांगितलं होतंस की अंदाज करू देऊ नका, मीच ओळ घातली. आजच काढली. गावही आता फायलीत नीट ठेवतो. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "पण तुला कळलं कधी?"

"पहिल्याच दिवशी. खिडकीबाहेर धुकं होतं, काचांवर बर्फ, आणि तुम्ही टोपी घाल म्हणालात. मी घड्याळाकडे बघून हिशेब केला, तुमच्याकडे आत्ता ऊन आलं असेल. तेव्हाच कळलं काय झालंय. असले प्रोग्रॅम रोज दुरुस्त करते मी."

"मग त्याच दिवशी सांगायचं."

"दुसऱ्या दिवशी सांगणार होते. खरंच. पण बाबा, मी फोनवर विचारते ना, घरी कसं काय, तर तुम्ही काय सांगता? आमचं काय, नेहमीचंच. आई पण तेच म्हणते. वर्षभर मला घरचं काहीच माहीत नव्हतं. आणि एकदम तुम्ही रोज सांगायला लागलात, सकाळी ऊन, दुपारी ढग, संध्याकाळी वारा. त्या दिवशी म्हणालात, कपडे आत घे. मला दोरी कुठली इथे. मी मीटिंगमध्ये बसले होते आणि सारखं वाटत होतं, आईने गच्चीवरचे कपडे घेतले असतील ना."

"घेतले होते," काकू बाजूने म्हणाल्या. पाऊस यायच्या आधीच, असं त्यांनी जोडलं, जे खरं नव्हतं.

"तुमच्या प्रोग्रॅमला माझं गाव सापडलं नाही की तो घरी यायचा," ठकू म्हणाली. "कामात कोणी असं लिहिलं तर मी झापते त्याला. पण मला इथे काही सापडेनासं झालं की मीही तेच करते. म्हणून नाही बोलले."

पूर्वी अशा वेळी काका "बरं मग" म्हणायचे. तत्त्वाचा प्रश्न होता. पण आज ते गप्प राहिले, आणि पलीकडेही कोणी घाई केली नाही.

"बाबा," थोड्या वेळाने ठकू म्हणाली, "आज काय आहे हवा?"

काका सवयीने संगणकाकडे वळले. पडद्यावर "थांबत आहे" तसंच उभं होतं. मग ते फोन घेऊन खिडकीशी गेले, तिची कडी जरा गंजली होती ती जोर लावून उघडली, आणि बाहेर डोकं काढलं.

"ऊन आहे," ते म्हणाले. "पण उतरतंय. वारा नाही. समोरच्या झाडाची पानं हलत नाहीत. सेक्रेटरी खाली उभे राहून लिफ्टवाल्याशी भांडतायत. तुझी आई माझ्यामागे उभी आहे, तिने लोकर हातात घेतलीय, आणि ती मला विचारतेय की दंडाचं माप किती घेऊ."

"आणखी?" ठकू म्हणाली.

काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बाहेर बघायला लागले.